वाचता येते, पण कळत नाही: लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यामागची तत्त्वे

पुण्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत, मग ती पेठेतील मराठी माध्यमाची असो किंवा हडपसर-वाघोलीकडची इंग्रजी माध्यमाची, दुसरी-तिसरीच्या वर्गात एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. एखादे मूल इंग्रजीच्या पुस्तकातील उतारा खणखणीत आवाजात, फारसे न अडखळता वाचून दाखवते. पण या उताऱ्यातली मुलगी कुठे गेली होती, असे चक्क मराठीत विचारले तरी ते गप्प राहते. त्याच वर्गात दुसरे एखादे मूल असे असते की शिक्षकांनी इंग्रजीत दिलेल्या सूचना त्याला नीट कळतात, चित्र दाखवून विचारले तर ते तुटक का होईना पण उत्तर देते. मात्र तेच शब्द छापील स्वरूपात समोर आले की त्याला एकही वाचता येत नाही. पालकसभेत या दोघांचेही वर्णन एकाच वाक्यात उरकले जाते: ‘याचं इंग्रजी कच्चं आहे.’ वास्तविक या दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. दोघांनाही तोच धडा पाच वेळा लिहून आणायला सांगितला, तर दोघांचाही वेळ वाया जातो.

हा फरक समजून घेतला की प्राथमिक इयत्तांत इंग्रजी कशी शिकवावी, यामागची बहुतेक तत्त्वे उलगडत जातात.

बेरीज नव्हे, गुणाकार

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचे एक अगदी साधे सूत्र मांडले. वाचलेले समजणे म्हणजे दोन क्षमतांचा गुणाकार, असे ते सूत्र सांगते. पहिली क्षमता म्हणजे छापलेल्या अक्षरांवरून शब्द उच्चारता येणे, म्हणजेच लिपी उलगडता येणे. दुसरी म्हणजे तोच मजकूर कोणी वाचून दाखवला तर तो ऐकून समजणे. यात बेरीज नसून गुणाकार आहे, ही या सूत्रातील कळीची बाब आहे. बेरजेत एक बाजू कमी पडली तर दुसरी ती थोडीफार भरून काढते. गुणाकारात मात्र एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. वर उल्लेखिलेल्या पहिल्या मुलाची लिपी पक्की आहे, पण भाषा कानात उतरलेली नाही. दुसऱ्याच्या कानात भाषा उतरू लागली आहे, पण लिपी हाती आलेली नाही.

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ या नावाने जो विषय शिकवला जातो, त्यात ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे आणि साहित्याचा आस्वाद घेणे हे सारे एकत्र गुंफलेले असते. तेथील ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ या समितीने तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन २००० साली जो अहवाल दिला, त्यात वाचनशिक्षणाची पाच अंगे अधोरेखित केली होती: शब्दांतील सुटे ध्वनी ओळखता येणे, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालता येणे, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. इंग्लंडमध्ये तर २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी ध्वनिवाचन चाचणी घेतली जाते. तीत एकूण ४० शब्द असतात आणि त्यांतील निम्मे मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. मुलाने शब्द पाठ केला आहे की ध्वनी जुळवून तो खरोखर वाचला आहे, हे निरर्थक शब्दांमुळे लगेच कळते.

ही सर्व तत्त्वे मोलाची आहेत. पण ती पुण्यात आणताना एक गोष्ट नजरेआड करून चालत नाही. इंग्लंडमधील बहुसंख्य मुले पहिलीत येतात तेव्हा त्यांच्या कानात पाच वर्षांची बोलती इंग्रजी साठलेली असते. ‘डक’ हा शब्द ती ध्वनी जुळवून वाचतात त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे बदक उभे राहते. म्हणजे गुणाकारातील दुसरी बाजू घराने आधीच भरून दिलेली असते आणि शाळेला मुख्यतः पहिली बाजू भरायची असते. आपल्याकडील मुलाने ‘डक’ असे अचूक वाचले तरी बदक उभे राहीलच असे नाही, कारण त्याच्या कानात ‘बदक’ आहे, ‘डक’ नाही. पुण्यात अलीकडे गल्लोगल्ली फोनिक्सचे, म्हणजे ध्वनी आणि अक्षरे जुळवून वाचायला शिकवणारे, वर्ग निघाले आहेत आणि त्यांतील अनेक चांगलेही आहेत; तरीही केवळ फोनिक्सने मूल इंग्रजी शिकेल ही अपेक्षा चुकीची आहे, ती याच कारणामुळे. फोनिक्स गुणाकाराची एकच बाजू वाढवते.

आधी ध्वनी, मग अक्षराचे नाव

लिपीची बाजू आधी पाहू. इंग्रजीत अक्षरे २६ आहेत आणि ध्वनी सुमारे ४४. साहजिकच एका अक्षराला अनेक ध्वनी सांभाळावे लागतात आणि एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. देवनागरी शिकलेल्या मुलाला याचा गोंधळ वाटणे स्वाभाविक आहे, कारण देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार जवळजवळ एकच असतो. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. इंग्रजीत तसे नाही. ‘सी, ए, टी’ ही तीन नावे कितीही वेगाने एकापाठोपाठ म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ हा उच्चार निघत नाही. जे मूल केवळ ‘ए, बी, सी, डी’ पाठ करून आले आहे, त्याला वाचनाच्या दृष्टीने फारच थोडे आलेले असते. म्हणून सुरुवातीला अक्षराचे नाव नव्हे, तर त्याचा ध्वनी शिकवावा.

हा ध्वनी शिकवताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. ‘बी’चा ध्वनी म्हणून शिक्षक ‘ब’ म्हणतात, ‘टी’चा ध्वनी म्हणून ‘ट’. परंतु आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ दडलेला असतो. मूल ‘ब, ॲ, ट’ असे जुळवू लागले की त्याच्या तोंडून ‘बअॅट’सारखे काहीतरी येते आणि शब्द काही केल्या जुळत नाही. ध्वनी पायमोडका हवा: ब्, ट्, प्. मराठी माध्यमातील मुलाला पायमोडके अक्षर ठाऊक असते; ‘क् + आ = का’ ही फोड त्याने पाहिलेली असते. बाराखडी हे खरे तर व्यंजन आणि स्वर जोडण्याचेच कोष्टक आहे. इंग्रजी ध्वनी जुळवताना त्या ओळखीचा उपयोग करून घेतला तर काम निम्मे हलके होते. तरीही इंग्रजीच्या तासाला बाराखडीचे नाव काढणे अनेक शाळांत कमीपणाचे मानले जाते, याचे वाईट वाटते.

ध्वनी सुटे करण्याचा सराव लिहिण्या-वाचण्याच्या आधी, निव्वळ कानाने व्हायला हवा. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मुलासमोर मूठभर चिंचोके ठेवावेत आणि सांगावे, ‘मी एक शब्द म्हणते. त्यात जितके आवाज ऐकू येतील तितके चिंचोके पुढे सरकव.’ शब्द म्हणावा ‘पॅन’. मराठी वाचता येणारे मूल बहुधा दोनच चिंचोके सरकवते: एक ‘पॅ’साठी आणि एक ‘न’साठी. देवनागरीत तो शब्द दोन अक्षरांत लिहिला जात असल्याने त्याचे उत्तर मराठीच्या हिशेबाने बरोबरच आहे. आता शिक्षकाने ‘पॅ’ हा आवाज लांबवून म्हणावा, ओठ मिटलेले असताना काय होते आणि तोंड उघडल्यावर काय होते ते मुलाला आरशात पाहू द्यावे. प्, मग ॲ, मग न्. तिसरा चिंचोका पुढे सरकतो. मग त्याच तीन चिंचोक्यांमधला पहिला बदलून ‘फॅन’ करावा, मधला बदलून ‘पिन’ करावा, शेवटचा बदलून ‘पॅट’ करावा. एक आवाज बदलला की शब्द बदलतो, हे एकदा कानाला उमगले की पुढे अक्षरे शिकवणे अगदी सोपे जाते.

अक्षरेही वर्णमालेच्या क्रमाने शिकवण्याची सक्ती नाही. ध्वनीवर आधारित अनेक पद्धतींत सुरुवातीला ‘एस, ए, टी, पी, आय, एन’ ही सहाच अक्षरे घेतली जातात, कारण एवढ्यांतून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘टिन’, ‘पॅन’, ‘सिट’, ‘नॅप’ असे कितीतरी शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच स्वतः वाचल्याचा आनंद मिळतो. ‘ए फॉर ॲपल’ ते ‘झेड फॉर झेब्रा’ असा प्रवास पूर्ण होईपर्यंत मुलाने एकही शब्द स्वतः वाचायचा नाही, ही जुनी रीत आता सोडून द्यायला हवी.

इंग्रजीत एका अक्षराचे दोन उच्चार असतात म्हणून मुले वैतागतात, तेव्हा त्यांना मराठीतलेच उदाहरण द्यावे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चोर’मधला ‘च’ आपण वेगवेगळे उच्चारतो. ‘जीवन’ आणि ‘जरा’ यांतला ‘ज’ही एक नाही. लिहिताना मात्र अक्षर तेच. मग ‘कॅट’मधला ‘सी’ आणि ‘सिटी’मधला ‘सी’ यांत अघटित ते काय? तसेच ‘पाणी’मध्ये दीर्घ आणि ‘आणि’मध्ये ऱ्हस्व का, हे कानाने कळत नाही, ते लक्षातच ठेवावे लागते. म्हणजे मराठी जशी बोलतो तशी लिहितो हे म्हणणे बरेचसे खरे असले तरी पूर्ण खरे नाही, आणि ही गोष्ट मुलांना सांगितल्याने इंग्रजी स्पेलिंगबद्दलची भीती कमी होते.

शिवाय इंग्रजी स्पेलिंग वाटते तितके बेशिस्त नाही. ‘टॅप’च्या शेवटी एक मुका ‘ई’ जोडला की ‘टेप’ होतो, ‘पिन’चा ‘पाइन’ होतो, ‘हॉप’चा ‘होप’ होतो. शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प राहून मधल्या स्वराला त्याचे नाव उच्चारायला लावतो. असे दहा-पंधरा नियम टप्प्याटप्प्याने शिकवले तर शब्दांचा मोठा साठा खुला होतो. उरतात ते ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ यांसारखे वारंवार येणारे आणि नियमात पूर्णपणे न बसणारे शब्द. अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली अशा वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती आणि ती आजही जगभर वापरली जाते. हे शब्द थोडे-थोडे करून नजरेला ओळखीचे करावेत. पण सगळेच शब्द चित्रासारखे पाठ करण्याची सवय मुलाला लावू नये. तिसरी-चौथीत शब्दसंख्या एकदम वाढते तेव्हा पाठांतरावर उभे असलेले वाचन कोसळते.

हस्ताक्षराबाबत एकच मुद्दा नोंदवतो, कारण तो बहुधा कोणी मुलांना सांगत नाही. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. दुरेघी वहीतून चाररेघी वहीत आलेल्या मुलाला ‘पी’, ‘जी’, ‘वाय’ यांची शेपटी नेमकी कुठे न्यायची हे कळत नाही, कारण अक्षर कुठून मोजायचे हाच त्याचा हिशेब बदललेला असतो. एवढे एक वाक्य सांगून, खालच्या मुख्य रेघेवर बोट ठेवून दाखवले तरी पुरते. ‘बी’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल सात वर्षांपर्यंतची अनेक मुले करतात. तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

भाषा कानावर पडल्याशिवाय जिभेवर येत नाही

आता दुसरी बाजू, जी आपल्याकडे अधिक दुर्लक्षित आहे. नवी भाषा शिकणारे मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ काहीच बोलत नाही. ते ऐकत असते. या काळात त्याला ‘बोल, पूर्ण वाक्यात बोल’ असे दटावल्याने भीतीच वाढते. त्याऐवजी उत्तर हालचालीने देता येईल अशा सूचना द्याव्यात: ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’, ‘पुट द बॅग अंडर द बेंच’. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अशा कृतियुक्त शिक्षणाची पद्धत विकसित केली. शरीर हलले की अर्थ कळतो, आणि मुलाला तोंड न उघडताही ‘मला समजले’ असे दाखवता येते.

त्यानंतर येते गोष्ट, आणि इथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते. अनोळखी गोष्ट अनोळखी भाषेत सांगितली तर मुलावर दुहेरी ओझे पडते. म्हणून पहिल्या गोष्टी मुलाला मराठीत पाठ असलेल्याच निवडाव्यात. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आहे आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो आहे. शिक्षिका दारावर टकटक करून म्हणते, ‘स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर!’ आतून चिमणी म्हणते, ‘वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.’ पुन्हा टकटक. ‘वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी.’ पुन्हा टकटक. ‘वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी.’ चौथ्या टकटकीला वर्गातील मुले शिक्षिकेच्या आधीच ‘वेट!’ म्हणून ओरडतात आणि पाचव्या वेळी एखादी मुलगी स्वतःहून नवे वाक्य जोडते, ‘आय ॲम कोंबिंग माय बेबी!’ केस विंचरण्याची इंग्रजी रचना अशी होत नाही, हे त्या क्षणी महत्त्वाचे नाही. चालू वर्तमानकाळाचा साचा तिने कानाने पकडला आहे आणि त्यात आपल्या मनातला शब्द बसवला आहे. व्याकरणाच्या पुस्तकातील तक्ता फळ्यावर लिहून हे साधले नसते. पहिली ते तिसरीत व्याकरण शिकवायचे ते अशाच साच्यांतून. नियमांची नावे पाचवीनंतर आली तरी चालतात.

वर्गात मराठी वापरावी की नाही, या प्रश्नावर पुण्यात नेहमीच हिरिरीने वाद होतो. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलांनी मधल्या सुट्टीतही मराठी बोलू नये असा दंडक असतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासातून या दंडकाला आधार मिळत नाही. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असे दाखवून दिले की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. गोष्टीचा गाभा ओळखणे, कारण आणि परिणाम जोडणे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, या क्षमता मूल एकदाच शिकते आणि मग त्या कोणत्याही भाषेत वापरते. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा कमावण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असेही त्यांना आढळले. आणि तो अभ्यास भोवताली सर्वत्र इंग्रजी ऐकू येणाऱ्या स्थलांतरित मुलांचा होता. हे ध्यानात घेतले तर ज्या मुलाला शाळेबाहेर इंग्रजी जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याच्याकडून दुसरीतच विज्ञानाचा धडा इंग्रजीत समजण्याची अपेक्षा किती अवाजवी आहे, ते कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे, त्यामागचे एक कारण हेच आहे.

याचा अर्थ इंग्रजीच्या तासाला सतत भाषांतर करत राहावे, असाही नव्हे. प्रत्येक वाक्यामागोमाग मराठी येणार हे मुलाला ठाऊक झाले की ते इंग्रजी ऐकणेच सोडून देते. मला उपयुक्त वाटणारी रीत अशी: वाक्य आधी इंग्रजीत, हावभाव आणि चित्रासह, मुलांचे चेहरे कोरे दिसले तरच एकदा मराठीत, आणि लगेच पुन्हा इंग्रजीत. शेवटचा शब्द इंग्रजीचा राहतो, पण अर्थ कोणाचाही हुकत नाही.

उच्चारांबाबत ध्येय एवढेच असावे की ऐकणाऱ्याला बोलणे समजावे. मराठी मुलाला ‘स्कूल’, ‘प्लेट’ असे जोडाक्षराने सुरू होणारे शब्द जड जात नाहीत, कारण ‘स्वच्छ’ आणि ‘प्रकाश’ त्याच्या जिभेवर असतात. अडचण येते ती स्वरांत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक मराठी कानाला सहज जाणवत नाही, आणि ‘ॲ’ हा स्वर आपल्याकडे इंग्रजी शब्दांबरोबरच आल्यामुळे ‘बेड’ आणि ‘बॅड’ यांची सरमिसळ होते. सराव इथे घ्यावा. ‘थिन’मधला ‘थ’ मराठी वळणाचा आला म्हणून मुलाला वर्गासमोर थांबवण्याची गरज नाही.

ज्या विषयाची माहिती आहे, तो उतारा कळतो

आकलन ही सुटी क्षमता आहे आणि उताऱ्याखालचे प्रश्न सोडवून ती वाढते, असा एक समज आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी केलेल्या एका प्रयोगाने या समजाला धक्का दिला. त्यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला आणि वाचलेले प्रसंग छोट्या मैदानाच्या प्रतिकृतीवर मांडून दाखवायला सांगितले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले ही वाचनात पक्की, पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

पुण्यातील वर्गाला हे कसे लागू होते? ‘स्नोमॅन’ आणि ‘फायरप्लेस’ यांच्याविषयीचा उतारा ज्या मुलाने कधी बर्फ पाहिला नाही त्याला दिला, तर शब्दही अनोळखी आणि जगही अनोळखी. उलट जूनमध्ये शाळा सुरू होते त्याच सुमारास ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. भवानी पेठेत आणि नाना पेठेत गर्दी लोटते, रस्त्यांवर वारकऱ्यांना पाणी आणि फराळ वाटला जातो. मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यावर शिक्षिकेने पाच-सहा सोप्या इंग्रजी वाक्यांचा उतारा स्वतः लिहून दिला, ‘मेनी पीपल वॉक टू पंढरपूर. दे सिंग. वी गिव्ह देम वॉटर.’ तर वाचणाऱ्या मुलाला अर्थाचा आधार आपल्या आठवणीतून मिळतो आणि त्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे जाते. हळूहळू बर्फापर्यंतही पोहोचायचेच आहे, कारण पुस्तके आपल्याला न पाहिलेल्या जगात नेण्यासाठीच असतात. पण पहिले पाऊल ओळखीच्या अंगणात पडावे.

शब्दसंपत्तीबाबतही हेच. दहा शब्द आणि त्यांचे अर्थ वहीत उतरवून घेतले की दोन दिवसांत ते विसरले जातात. त्यापेक्षा आठवड्याला चार-पाच शब्द निवडावेत आणि ते गोष्टीत, खेळात, प्रश्नात, चित्रात पुनःपुन्हा भेटतील अशी योजना करावी.

लिहिणे आणि चुकणे

फळ्यावरचे बघून उतरवून घेणे म्हणजे लेखन नव्हे. पहिलीतील मुलाने चित्र काढावे, त्याबद्दल तोंडी सांगावे, शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहावे आणि मुलाने ते वाचावे. ही लेखनाची खरी सुरुवात. दुसरीत मूल स्वतः लिहू लागले की स्पेलिंग चुकणारच. ‘एलिफंट’ हा शब्द त्याने ऐकू येईल त्या ध्वनींप्रमाणे लिहिला असेल, तर त्या चुकीत त्याला ध्वनी सुटे करता येतात याचा पुरावा आहे. लाल शाईने सगळे पान रंगवल्यावर पुढच्या वेळी ते मूल ‘एलिफंट’ऐवजी ‘कॅट’ लिहील, कारण तो शब्द सुरक्षित आहे. एका वेळी एकच प्रकारची चूक दुरुस्त करावी, आणि तीही शिकवून झालेल्या नियमाचीच.

बोलण्यातही तसेच. एखादा मुलगा सांगतो, ‘आय ईटेड पोहे.’ त्याने ‘ईटेड’ हा शब्द कोणाकडूनही ऐकलेला नाही. भूतकाळासाठी ‘एड’ लागतो हा नियम त्याने स्वतः शोधून काढला आणि जिथे तो लागत नाही तिथेही लावला. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे ती मुलेही लहानपणी अगदी हेच करतात. त्याला ‘रॉंग’ म्हणून थांबवण्याऐवजी शिक्षिकेने सहज म्हणावे, ‘ओह, यू एट पोहे! आय एट उपमा.’ बरोबर रूप कानावर पडते, संवादही तुटत नाही.

प्रगती कशी ओळखावी आणि घरी काय करावे

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालापासून आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला, त्यावर तेव्हा बराच वाद झाला आणि सेनापती बापट रस्त्यावरील ‘बालभारती’ने त्यासाठी नवी पाठ्यपुस्तके तयार केली. त्यानंतरची जवळपास एका पिढीची मुले या वाटेने गेली आहेत. तरीही मूल्यमापन मात्र अजून बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षेपुरतेच आहे, आणि लेखी परीक्षेत पाठांतर व समज यांतला फरक दिसत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते शिकण्याच्या पहिल्या भाषेसाठी आहे. दुसऱ्या भाषेला तोच आकडा जसाच्या तसा लावू नये. पण त्यातील ‘अर्थासह’ ही अट इंग्रजीलाही तितकीच लागू आहे.

शिक्षकाला किंवा पालकाला घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सोपी आहे. मुलाच्या इयत्तेचा, पण त्याने न पाहिलेला एक छोटा उतारा घ्यावा. आधी तो मुलाला वाचू द्यावा आणि काय कळले ते मराठीत सांगू द्यावे. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच काठिण्याचा दुसरा उतारा आपण त्याला वाचून दाखवावा आणि पुन्हा मराठीत सांगू द्यावे. ऐकून कळले पण वाचून कळले नाही, तर काम लिपीवर करायचे आहे. ध्वनी, अक्षरगट, सावकाश वाचन. दोन्ही वेळा कळले नाही, तर काम भाषेवर करायचे आहे. गोष्टी, गप्पा, चित्रे, कृती. उत्तर मराठीत मागण्याचे कारण असे की आपण इथे समज तपासतो आहोत, बोलण्याची क्षमता नव्हे.

ज्या पालकांना स्वतःला इंग्रजी फारशी येत नाही, ते बहुधा या सगळ्यातून अंग काढून घेतात आणि शिकवणी लावतात. त्यांनी तसे करू नये, असे मी आवर्जून सांगेन. मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोलणे, भाजी निवडताना, पीएमपीच्या बसमधून जाताना दिसेल त्याबद्दल विचारणे, रात्री गोष्ट सांगणे आणि ‘मग पुढे काय झालं असेल?’ असे विचारणे, यातून जी समज तयार होते तिच्यावरच उद्याचे इंग्रजी आकलन उभे राहणार आहे. त्याच्या जोडीला द्वैभाषिक चित्रपुस्तके घ्यावीत. अप्पा बळवंत चौकात ती सहज मिळतात, आणि ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. आजीने मराठी ओळ वाचावी, नातीने त्याखालची इंग्रजी ओळ वाचावी, आणि एखादा शब्द दोघींनाही अडला तर चित्र पाहून अंदाज बांधावा, मग तो शब्दकोशात शोधावा. रोज पंधरा मिनिटे एवढे झाले, तर शिकवणीच्या तासाची गरज बहुतेक मुलांना दुसरी-तिसरीत पडत नाही.